परिचर्या नोंदी कशा लिहाव्यात: ओव्हर घेण्यापासून फाइल बंद होईपर्यंत

पुण्यातील लहानमोठ्या रुग्णालयांत नर्सेस नोट्स चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. ड्युटी संपायला अर्धा तास उरला की टेबलावर फायलींची चळत लागते आणि एकामागून एक कागदांवर 'पेशंट कम्फर्टेबल, व्हायटल्स स्टेबल, औषधे ऑर्डरप्रमाणे दिली' हेच वाक्य उतरते (व्हायटल्स म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वसन, तापमान). काम झालेले असते, अनेकदा उत्तम झालेले असते. तरीही रात्री दोन वाजता त्याच रुग्णाची तब्येत बिघडली, तर नाइटच्या सिस्टरला त्या वाक्यातून काहीही कळत नाही. दुपारी नाडी किती होती, लघवी शेवटची केव्हा झाली, वेदनाशामक दिल्यावर दुखणे कमी झाले का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिथे नसते.

पुढे दिलेला क्रम हा दोष दूर करण्यासाठी आहे. त्यामागचा नियम एवढाच की जे पाहिले, जे केले आणि त्यानंतर जे घडले, ते त्या त्या वेळी खाटेजवळच लिहावे. एका सिस्टरकडे वीस-पंचवीस रुग्ण असताना हे कसे जमणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तयारीवर आणि मजकूर कमी पण नेमका ठेवण्यावर येथे अधिक भर दिला आहे.

टप्पा १: ड्युटीपूर्वीची तयारी

नोंदींतील बऱ्याच चुका लेखणी हातात घेण्यापूर्वीच ठरलेल्या असतात. कोरा कागद फाइलमध्ये नसतो, म्हणून आकडे हाताच्या तळव्यावर किंवा कापसाच्या वेष्टनावर लिहिले जातात आणि मग हरवतात. त्यामुळे ड्युटी सुरू होताना पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

१. आपले घड्याळ वॉर्डातील भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवावे. मॉनिटर आणि संगणक वेगळी वेळ दाखवत असतील तर ते इन्चार्ज सिस्टरांच्या लक्षात आणून द्यावे. सात-आठ मिनिटांच्या फरकाने औषध आदेशापूर्वीच दिल्यासारखे दिसते आणि पुढे त्याचे स्पष्टीकरण देता येत नाही.

२. टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्ट, इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेले आणि बाहेर पडलेले द्रव) चार्ट, औषधांचा चार्ट आणि नर्सेस नोट्सचे कागद प्रत्येक फाइलमध्ये पुरेसे आहेत का, ते पाहावे. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंना रुग्णाचे पूर्ण नाव आणि आयपीडी (आंतररुग्ण) क्रमांक लिहावा. झेरॉक्स काढताना मागची बाजू वेगळी पडते आणि ती कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही.

३. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी. नुसते 'आठ वाजता' लिहिले तर सकाळ की रात्र हे ठरत नाही.

४. रुग्णालयाने मान्य केलेल्या संक्षेपांची यादी टेबलावर असावी आणि तीत नसलेला संक्षेप वापरू नये.

५. वॉर्डातील पेला, चहाचा कप आणि सूपची वाटी एकदा मेजरिंग जारने मोजून त्यांचे मिलिलिटर इनटेक-आउटपुट चार्टच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. हे एकदाच करायचे काम आहे. त्यानंतर 'एक कप चहा' याचा अर्थ प्रत्येक ड्युटीत सारखाच राहतो.

टप्पा २: ओव्हर खाटेजवळ घेणे

ओव्हर म्हणजे ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टरकडून रुग्णांची माहिती आणि जबाबदारी घेणे. रिपोर्ट बुक टेबलावर वाचून घेतलेला ओव्हर अपुरा असतो. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून सलाइनच्या बाटलीत किती शिल्लक आहे, इंजेक्शनची सुई बसवलेली जागा लाल किंवा सुजलेली आहे का, ड्रेनमध्ये (जखमेतील स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) आणि युरिन बॅगमध्ये किती आहे, हे दोघींनी मिळून पाहावे. त्यानंतर लगेच दोन ओळींची पहिली नोंद करावी: वेळ, शुद्धी, लावलेल्या नळ्या आणि चालू असलेले सलाइन. ओव्हर घेताना जखम, सूज किंवा फोड दिसला तर तो या नोंदीत आलाच पाहिजे, अन्यथा तो आपल्याच ड्युटीत झाला असे समजले जाईल.

तपासणी: पहिली नोंद ओव्हर घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत झाली आहे का?

टप्पा ३: दाखल होतानाचे मूल्यमापन

नवीन रुग्ण आल्यावर त्याला नाव विचारावे, 'तुम्ही अमुक ना?' असे विचारू नये. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव आणि आयपीडी क्रमांक मनगटावरील पट्टीशी ताडून पाहावेत.

ॲलर्जीच्या रकान्यात केवळ 'आहे' लिहून भागत नाही. कोणत्या औषधाने काय झाले होते, अंगावर पुरळ आले होते की श्वास अडकला होता, तेही लिहावे. ॲलर्जी नसेल तर 'विचारले, माहीत असलेली ॲलर्जी नाही' असे लिहावे. रकाना रिकामा राहिला तर विचारलेच नव्हते असा अर्थ निघतो. वजन काट्यावर मोजले की अंदाजे लिहिले, याचाही उल्लेख असावा. लहान मुलांचे डोस आणि अनेक इंजेक्शने वजनावर ठरतात आणि अंदाजाचा आकडा एकदा कागदावर आला की तो मोजलेला म्हणूनच वापरला जातो.

भोर, जुन्नर किंवा इंदापूरकडून संदर्भित होऊन आलेल्या रुग्णांच्या बाबतीत आणखी एक काम असते. आधीच्या रुग्णालयात आणि १०८ रुग्णवाहिकेत कोणते औषध किती वाजता दिले गेले, ते त्यांच्या कागदावरून पाहून आपल्या नोंदीत वेळेसह उतरवावे. रक्त पातळ करणारे इंजेक्शन किंवा झोपेचे औषध दुसऱ्यांदा दिले जाते ते बहुतेक वेळा ही नोंद राहिल्यामुळेच.

त्वचेची पाहणी रुग्णाला कुशीवर वळवून करावी. माकडहाड, टाचा, नितंब आणि कोपर या जागा पाहाव्यात. शय्याव्रण (फार काळ पडून राहिल्याने होणारी जखम) असेल तर जागा, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी, खोली, स्राव आणि वास यांची नोंद करावी. 'पाठीवर जखम' या दोन शब्दांवरून आठ दिवसांनी ती भरत आली की वाढली, हे कोणीही सांगू शकणार नाही.

टप्पा ४: मोजमापे

श्वसनाचा आकडा हा चार्टवरील सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. संपूर्ण वॉर्डात सर्वांचे श्वसन १८ किंवा २० असणे शक्य नाही, पण चार्ट तसेच सांगतात, कारण ते मोजलेच जात नाही. ते पूर्ण एक मिनिट मोजावे आणि मोजतो आहोत हे रुग्णाला कळू देऊ नये. ऑक्सिजनचे प्रमाण लिहिताना ऑक्सिजन लावलेला होता का, असल्यास मिनिटाला किती लिटर, हे शेजारीच लिहावे. ऑक्सिजन न लावता ९६ टक्के आणि ६ लिटरवर ९६ टक्के या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत.

'व्हायटल्स स्टेबल' हे शब्द नोंदींतून पूर्णपणे काढून टाकावेत असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढतात तेव्हा या शब्दांचा धोका स्पष्ट दिसतो. रक्तदाब १००/८० असला की वरचा आकडा पाहून 'ठीक आहे' असे म्हटले जाते. पण दोन आकड्यांतील अंतर येथे केवळ २० आहे आणि डेंगीमध्ये हे अंतर २० किंवा त्याहून कमी होणे हे शॉकचे लक्षण मानले जाते. ताप उतरत असताना, म्हणजे नातेवाईक निश्चिंत होत असताना, हे घडते. आकडे लिहिले असतील तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना ते दिसेल. 'स्टेबल' लिहिले असेल तर दिसणार नाही.

एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांची मालिका अधिक बोलते. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्यालगतच्या भागांतून जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमचे, अनेक रुग्ण शहरातील रुग्णालयांत दाखल झाले. या आजारात श्वासाचे स्नायू हळूहळू अशक्त होतात आणि ऑक्सिजनचे प्रमाण फार उशिरा खाली येते. म्हणून रुग्णाला एका श्वासात किती अंक मोजता येतात, पाय किती उचलता येतो, पाणी गिळताना ठसका लागतो का, यांची ठरावीक अंतराने नोंद करावी लागते. सकाळी ८ ला २८ अंक, दुपारी २ ला २१ आणि रात्री ८ ला १४ अशी नोंद असेल, तर ऑक्सिजन ९८ टक्के असतानाही डॉक्टरांना ताबडतोब बोलवायला हवे, हे कोणत्याही सिस्टरला कळते. त्यासाठी तिन्ही ड्युटीत पद्धत सारखी असावी: रुग्ण बसलेला असताना, सारख्याच गतीने मोजायला सांगून.

इनटेक-आउटपुटची बेरीज प्रत्येक ड्युटीच्या शेवटी आणि चोवीस तासांनी करावी. प्रौढ रुग्णाची लघवी साधारणपणे तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिलिलिटर तरी असावी, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला तासाला ३० मिलिलिटर. 'लघवी झाली' असे लिहिण्याऐवजी मोजून लिहावे. रुग्ण स्वतः बाथरूमला जात असेल तर त्याला आणि नातेवाइकांना भांडे देऊन समजावून सांगावे आणि तसे सांगितल्याचेही लिहावे. उलटी, जुलाब आणि ड्रेन हे आउटपुटच आहे. ते मावशींनी टाकून देण्यापूर्वी मोजले जाईल अशी व्यवस्था हवी.

सावध: न मोजलेला आकडा कधीही भरू नये. रुग्ण एक्स-रेला गेला असेल तर 'रुग्ण एक्स-रे विभागात' असे लिहून ती जागा सोडावी.

टप्पा ५: नोंद लिहिण्याचा क्रम

प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीत पाच गोष्टी याच क्रमाने याव्यात: रुग्ण काय म्हणाला, आपण काय पाहिले आणि मोजले, आपण काय केले, कोणाला कळवले, आणि त्यानंतर काय झाले. पाचवी गोष्ट सर्वाधिक वेळा राहून जाते. औषध दिल्याची नोंद असते, पण अर्ध्या तासाने दुखणे १० पैकी ८ वरून ३ वर आले की ८ वरच राहिले, हे कुठेच नसते. त्यामुळे औषध लागू पडले का, हा प्रश्न पुढच्या डॉक्टरांसमोर तसाच उभा राहतो.

डेंगीच्याच रुग्णाची ही एक चांगली नोंद पाहा:

'१५:१० – रुग्ण म्हणतात, "पोटात वरच्या बाजूला सारखं दुखतंय, दोनदा उलटी झाली." नाडी ११२, रक्तदाब १००/८०, श्वसन २४, तापमान ९८.६, ऑक्सिजन न लावता ९७ टक्के. हातपाय गार. ११:०० नंतर लघवी नाही. १५:१५ – ड्युटीवरील निवासी डॉक्टरांना फोनवर वरील सर्व आकडे सांगितले, ताबडतोब येण्याची विनंती केली. १५:२५ – डॉक्टर आले, तपासले. लेखी आदेशानुसार रिंगर लॅक्टेट तासाला ३०० मिलिलिटर या गतीने सुरू केले, हिमॅटोक्रिटसाठी रक्त पाठवले. १५:५५ – नाडी १००, रक्तदाब १०८/७६, हात कोमट, पोटदुखी तशीच. १६:२५ – लघवी ७० मिलिलिटर.'

(रिंगर लॅक्टेट हे एक सलाइन, तर हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण.) प्रत्यक्षात येथे डॉक्टरांचे नाव आणि शेवटी सिस्टरांचे नाव व सही येईल. हे लिहायला चार-पाच मिनिटे लागतात आणि ती एका बैठकीत नव्हे, तर त्या त्या वेळी विभागून जातात. नोंदी इंग्रजीत लिहिण्याची पद्धत असली तरी रुग्णाचे शब्द मराठीतच, अवतरणचिन्हांत ठेवावेत. 'छातीत जड वाटतंय' आणि 'छातीत सुई टोचल्यासारखं होतंय' या दोन्हींचे 'चेस्ट पेन' केले, तर डॉक्टरांना हवा असलेला फरकच पुसला जातो.

'डॉक्टरांना कळवले' ही अर्धवट नोंद आहे. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, कोणते आकडे सांगितले आणि त्यांनी काय सांगितले, हे चारही लिहावे. फोन उचलला गेला नाही तर तेही वेळेसह लिहावे आणि त्यानंतर कोणाला फोन केला, तेही.

रुग्णाच्या स्वभावावर शेरे मारू नयेत. 'त्रासदायक रुग्ण' याऐवजी 'सकाळची गोळी घेण्यास नकार दिला, गोळीने मळमळते असे म्हणाले' असे लिहावे.

टप्पा ६: औषधांची नोंद

औषधाच्या चार्टवर सही औषध दिल्यानंतरच करावी. ट्रे भरतानाच सगळ्या सह्या उरकण्याची सवय फार धोकादायक आहे. मध्येच रुग्ण उलटी करतो, सोनोग्राफीला जातो किंवा गोळी उशीखाली ठेवतो, आणि कागदावर मात्र डोस पूर्ण झालेला दिसतो.

डोस लिहिताना पुढील चुका टाळाव्यात. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, कारण इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनचे १० युनिट १०० वाचले जातात. पूर्णांकापुढे दशांश शून्य देऊ नये, ५.० चे ५० होते. दशांशाच्या आधी शून्य अवश्य द्यावे, नाही तर .५ चे ५ होते. मायक्रोग्रॅम हा शब्दही पूर्ण लिहावा. मूळ आदेशच असा संदिग्ध असेल तर अंदाज बांधू नये. डॉक्टरांकडून तो पुन्हा लिहून घ्यावा.

डोस दिला गेला नाही तर चौकट रिकामी ठेवू नये. कारण लिहावे आणि डॉक्टरांना कळवल्याची वेळही. इन्सुलिन, हेपरिन आणि पोटॅशियम क्लोराइड यांसारखी जोखमीची औषधे दोघींनी स्वतंत्रपणे तपासावीत आणि दोघींच्या सह्या असाव्यात. दुसरीने न पाहता केलेली सही काहीही वाचवत नाही.

सलाइनची गती थेंबांत लिहिताना सेट कोणता आहे ते पाहावे. नेहमीच्या सेटमध्ये १ मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात, मायक्रोड्रिप सेटमध्ये ६०. ५०० मिलिलिटर ८ तासांत द्यायचे असेल तर नेहमीच्या सेटवर मिनिटाला सुमारे २१ थेंब येतात. चार्टवर सुरू केल्याची आणि संपल्याची, दोन्ही वेळा हव्यात.

तोंडी किंवा फोनवरील आदेश तातडीपुरताच घ्यावा. तो ऐकताच लिहावा, मग औषधाचे नाव, डोस, मार्ग आणि वेळ वाचून दाखवावे, डॉक्टरांनी होकार दिल्याचे नोंदवावे आणि रुग्णालयाने ठरवलेल्या मुदतीत त्यांची सही घ्यावी.

सावध: रक्त देताना बॅगचा क्रमांक, रक्तगट, मुदत आणि रुग्णाची ओळख दोघींनी खाटेजवळच ताडावी. सुरू करण्यापूर्वीची, १५ मिनिटांनंतरची आणि संपल्यावरची मोजमापे स्वतंत्र लिहावीत. एक बॅग ४ तासांच्या आत संपली पाहिजे, म्हणून सुरू झाल्याची वेळ अचूक हवी.

टप्पा ७: चुकीची दुरुस्ती आणि उशिराची नोंद

चुकीच्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारावी, मूळ शब्द वाचता आले पाहिजेत. शेजारी 'चुकीची नोंद', तारीख, वेळ, नाव आणि सही. व्हाइटनर, गिरवून बदललेला आकडा, फाडलेला कागद आणि दोन ओळींमध्ये कोंबलेले वाक्य यांपैकी काहीही चालत नाही. राहून गेलेली नोंद करायची असेल तर 'उशिरा केलेली नोंद' असे सुरुवातीस लिहून, प्रसंग घडल्याची वेळ आणि आता लिहिण्याची वेळ अशा दोन्ही द्याव्यात.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. प्रत बाहेर गेल्यानंतर मूळ कागदात केलेला बदल दोन प्रती शेजारी ठेवताच उघड होतो आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

संगणकावर नोंदी होत असतील तर कालचा मजकूर पुढे ओढून चिकटवू नये. कॅथेटर (लघवीची नळी) काढून दोन दिवस झाले तरी 'कॅथेटर चालू' असे येत राहते ते यामुळेच. दुसऱ्याच्या लॉगिनवरून केलेली नोंद त्या दुसऱ्याच्या नावावर जाते. केस पेपरचा फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे हा रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग आहे.

टप्पा ८: वेगळी काळजी लागणारे प्रसंग

रुग्ण पडला तर प्रत्यक्ष जे पाहिले तेच लिहावे. 'रुग्ण खाटेवरून पडला' हे फक्त पडताना पाहिले असेल तरच. अन्यथा '०२:४० ला रुग्ण खाटेच्या डाव्या बाजूस जमिनीवर आढळले'. त्यानंतर शुद्धी, मोजमापे, दुखापत, खाटेचे कठडे वर होते का, डॉक्टर केव्हा आले. इन्सिडन्ट फॉर्म वेगळा भरावा. फाइलमध्ये कोणावरही दोषारोप नको.

मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांकडे नोंद होणाऱ्या रुग्णाचे, उदाहरणार्थ महामार्गावरील अपघातातून आणलेल्याचे, कपडे आणि वस्तू यांची यादी साक्षीदारासमोर करावी आणि पोलिसांना देताना नाव, बक्कल क्रमांक, वेळ आणि सही घ्यावी. 'दारूच्या नशेत' असा निष्कर्ष लिहू नये. 'श्वासाला दारूसारखा वास, बोलणे अडखळते' एवढे लिहून तपासणी डॉक्टरांवर सोडावी.

सल्ल्याविरुद्ध घरी जाणाऱ्या रुग्णाची केवळ सही पुरेशी नाही. कोणते धोके, कोणत्या भाषेत, कोणासमोर समजावले आणि जातानाची मोजमापे काय होती, हे लिहावे.

टप्पा ९: ओव्हर देणे आणि फायलींची पडताळणी

ओव्हर देताना आधी रुग्ण कोण आणि कशासाठी दाखल, मग आजचा बदल, मग आताची स्थिती आणि शेवटी पुढच्या ड्युटीत काय करायचे उरले आहे, या क्रमाने बोलावे. उरलेले काम तोंडी सांगून सोडू नये. 'रात्री १० ला हिमॅटोक्रिट पुन्हा पाठवायचे' असे लिहून ठेवावे.

इन्चार्ज सिस्टरांनी आठवड्यातून एकदा पाच फायली निवडून चारच प्रश्न तपासावेत: वेदनाशामकानंतरची नोंद आहे का, डॉक्टरांना कळवल्याची वेळ आणि नाव आहे का, न दिलेल्या डोसचे कारण आहे का, आणि श्वसनाचे आकडे मोजलेले वाटतात का. लांबलचक तपासणी यादी दोन आठवड्यांत बंद पडते, म्हणून चारच. सापडलेली उणीव सूचनाफलकावर लावू नये. त्या सिस्टरला बाजूला घेऊन तीच नोंद समोर ठेवावी, 'नाइटला असता तर यातून काय कळलं असतं?' असे विचारावे, नोंद नव्याने लिहून कशी दिसली असती ते दोघींनी मिळून वेगळ्या कागदावर करून पाहावे आणि पुढच्या आठवड्यात तिच्याच दोन फायली पुन्हा उघडाव्यात.